संकल्प कोणी सोडायचा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रांचा प्रश्न मुळात एकच आहे, म्हणून ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त गेली अठरा वर्षे पुण्यात राहतो. महाविद्यालयात असल्यापासून माझा देवावर विश्वास नाही आणि ही गोष्ट मी घरात कधी लपवलेली नाही. आमच्याकडे गौरींबरोबर जाणारा गणपती असतो. वडील होते तोवर पूजा तेच करीत. मूर्ती आणणे, मखर उभारणे, आरतीला टाळ धरणे ही कामे माझ्याकडे असत आणि ती मला मनापासून आवडत. वडील गेले त्या वर्षी आम्ही गणपती आणला नाही. गेल्या वर्षी चुलत्यांनी येऊन पूजा केली. यंदा ते म्हणतात, "माझे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. घर तुझे आहे, गणपतीही तुझाच." आई काही बोलत नाही, पण श्रावण लागल्यापासून तिने पळी-पंचपात्र दोनदा घासून ठेवले आहे. कार्यालयातल्या मित्राच्या मते मी पूजेला बसलो तर ते उघड ढोंग ठरेल. अकरा वर्षांची मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही देव मानत नाही, मग नमस्कार कोणाला करता?" श्रद्धा नसताना सण मनापासून साजरा करता येतो का, की आपण ज्याला आवड म्हणतो ती केवळ सवय आणि भीड असते?

उत्तर : श्रद्धा, संस्कृती, ढोंग अशा मोठ्या शब्दांपासून सुरुवात केली तर या प्रश्नात हाती काही लागत नाही, म्हणून आपण सरळ चतुर्थीच्या सकाळी पाटावर जाऊन बसू. यजमान आचमन करतो. गुरुजी देशकालाचा उच्चार करतात, म्हणजे संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी आणि वार सांगतात, आणि मग यजमानाकडून वदवून घेतात की, श्रुती, स्मृती आणि पुराणे यांत सांगितलेले फळ मला मिळावे आणि सिद्धिविनायक प्रसन्न व्हावा यासाठी मी ही पूजा करीन. 'अहं करिष्ये' असे म्हणून तो उजव्या तळहातावरचे अक्षता घातलेले पाणी ताम्हनात सोडतो. हाच संकल्प. त्यानंतर प्राणप्रतिष्ठा होते. मूर्तीच्या हृदयाला स्पर्श करून हिच्या ठिकाणी प्राण येवोत असे म्हणायचे असते आणि तुपात बुडवलेल्या दूर्वांनी तिच्या डोळ्यांना स्पर्श करायचा असतो. पुढे स्नान, वस्त्र, गंध, फुले, पत्री, धूप, दीप, नैवेद्य असे उपचार होतात आणि शेवटी सगळे घर उभे राहून आरती म्हणते.

ढोंगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो यातल्या पहिल्या दोन ठिकाणी, असे मला वाटते. तेथे माणूस स्वतःच्या नावाने काहीतरी सांगत असतो: मला हे फळ हवे आहे, आणि या मातीत आता प्राण येत आहेत. ज्याला तसे वाटत नाही त्याने ते म्हटले तर तो खोटे बोलतो, आणि संस्कृतात म्हटल्याने ते खोटे कमी होत नाही; फार तर कोणाला ऐकू येत नाही. उरलेल्या पूजेचे तसे नाही. आरती म्हणणारा गात असतो, त्याने शपथ घेतलेली नसते. तमाशाच्या फडात आरंभी गण होतो आणि संगीत नाटकाचा पडदा नांदीने उघडतो, तेव्हा गाणाऱ्यांपैकी कोण आस्तिक आणि कोण नास्तिक याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही, आणि तरीही बेसूर गण कोणी खपवून घेत नाही. मनापासून करणे म्हणजे काय ते तेथे दिसते.

तुमच्या मित्राचा आक्षेप मी हलका मानत नाही. आगरकरांनी 1888 साली 'सुधारक' काढून रूढीला बुद्धीच्या कसोटीवर घासण्याचा आग्रह धरला, तेव्हापासून आपल्याकडे या आक्षेपाला मोठी परंपरा आहे, आणि आतून एक मानायचे व चारचौघांत दुसरेच करायचे या आपल्या जुन्या खोडीवर त्या परंपरेने अचूक बोट ठेवले आहे. मात्र तुमचा मित्र एक गोष्ट गृहीत धरतो, ती अशी की श्रद्धा असली की मन आपोआप हजर असते. आमच्या घरी 1990 च्या सुमारास गुरुजींची वेळ मिळेना म्हणून पूजेची कॅसेट आणली होती. "आता गंध लावा," असे कॅसेटमधला आवाज म्हणे तेव्हा काका गंध उगाळायलाच बसलेले असत, आणि मग कोणीतरी धावत जाऊन टेपरेकॉर्डरचे बटण दाबी. एका वर्षी नेमकी पंचामृताच्या वेळी वीज गेली आणि देव अर्धा तास दह्यात बसून राहिले. काकांची श्रद्धा पक्की होती, लक्ष मात्र सगळे बटणाकडे असे. त्याच वेळी माझा आतेभाऊ, जो स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवी, स्वयंपाकघरात मोदकाच्या कळ्या पाडीत बसलेला असे, आणि एक कळी जरी चिरली तरी ती पारी मोडून उकड पुन्हा मळायला घेई. त्या घरात त्या घटकेला सण मनापासून कोण करीत होते, हे सांगायला मला फार विचार करावा लागत नाही.

आता संकल्पाचे काय? पहिला मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही याचे थोडे नवलही वाटते. तुमच्या घरात श्रद्धा असलेली व्यक्ती आहे. ती म्हणजे तुमची आई. तिने पाटावर बसावे, तिने पाणी सोडावे. तिच्या तोंडी ते शब्द खरे असतील. पूजा पुरुषाने, तीही थोरल्या मुलानेच करायची, ही सवय आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला आरंभ केला त्याला आता काही दशके झाली, तेव्हा पूजा सांगणारी स्त्री चालते आणि करणारी चालत नाही असे म्हणण्यात काही तथ्य उरलेले नाही. आई कदाचित म्हणेल की, आपल्याला आता तो मान नाही. तसे ती म्हणाली तर तुमचे काम तेथे सुरू होते. गौरीपूजनाच्या दिवशी हळदीकुंकवाचे ताट फिरते, तेव्हा तुमची आई गेल्या वर्षी कोठे होती, हे आठवून पाहा. ज्या सुनेला तिने हातात हात घेऊन गौरीला साडी नेसवायला शिकवले, तिच्याच घरात ती आतल्या खोलीत भाजी निवडत बसली असेल, तर तो प्रसंग तुम्ही पाहिला आणि सोडून दिला. श्रद्धाळू माणूस निदान असे म्हणू शकतो की, शास्त्र मोडण्याची त्याला भीती वाटते. तुम्हाला ती सोय नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला; तो करणाऱ्या गावाने आपले सण सोडले नाहीत. सणात राहून सणातला अन्याय दिसेनासा होत असेल, तर मात्र मी तुमच्या मित्राच्या बाजूने बोलेन.

दुसरा मार्ग, आई नकोच म्हणाली तर, संकल्पाचे शब्द बदलण्याचा आहे. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुरोहितावाचून लग्ने लावायला सुरुवात झाली. फुले नास्तिक नव्हते, ते निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानीत. परंतु वधूवरांनी जे एकमेकांना सांगायचे ते त्यांना कळेल अशा मराठीत सांगावे, हा त्यांचा आग्रह होता. तोच धरून तुम्ही ताम्हनात पाणी सोडताना एवढेच म्हणू शकता की, "वडिलांच्या आठवणीसाठी, आईच्या समाधानासाठी आणि या घरी येणाऱ्या सर्वांच्या आनंदासाठी मी हे करीत आहे." यातले एकही अक्षर खोटे नाही. गुरुजी बोलावणार असाल तर हे त्यांना आधी सांगा. काही गुरुजी नकार देतील आणि तो त्यांचा अधिकार आहे. ज्या विधीवर त्यांची श्रद्धा आहे तो आपल्या सोयीने त्यांच्याकडून मुरडून घेणे बरे नव्हे.

तुम्ही स्वतःला नास्तिक म्हणता, म्हणून थोडे या शब्दाविषयी. पाणिनीच्या सूत्रात 'अस्ति' अशी ज्याची मती तो आस्तिक आणि 'नास्ति' अशी ज्याची मती तो नास्तिक, एवढेच आहे. काय आहे किंवा नाही ते सूत्र सांगत नाही; टीकाकारांनी तेथे परलोक अभिप्रेत धरला. मनूने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. ईश्वर मानतो की नाही ही कसोटी आज आपल्याला स्वाभाविक वाटते, पण जुन्या वादांत ती मुख्य नव्हती. सर्वांत गमतीची गोष्ट पूर्वमीमांसकांची आहे. यज्ञकर्माचा एवढा कडवा पुरस्कर्ता दुसरा कोणताही पंथ नसेल, आणि त्यांच्यातल्या शबराने जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात असे मांडले की, देवतेला शरीर नसते, ती यज्ञात अर्पण केलेला हविर्भाग खात नाही आणि प्रसन्न होऊन फळही देत नाही. कुमारिल भट्टाने जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पना खोडून काढली. म्हणजे ईश्वरावाचून कर्मकांड ही आजच्या शहरी माणसाची पळवाट नाही. ती आपल्याकडच्या कर्मठांचीच एक जुनी भूमिका आहे. मात्र हा दाखला मित्राच्या तोंडावर फेकण्यापूर्वी थांबा. मीमांसकांचा वेदांवर आणि कर्माच्या अदृष्ट फळावर पूर्ण विश्वास होता, आणि तुमचा तोही नाही. त्यांच्या आडोशाला उभे राहून तुमची सुटका होणार नाही.

खरे ढोंग कशाला म्हणावे असे विचाराल तर मी दुसरीकडेच बोट दाखवीन. पूजा तर सोडवत नाही आणि देव मानतो असे म्हणायला लाज वाटते, अशा कात्रीत सापडलेला सुशिक्षित माणूस एक वाक्य शोधून काढतो: "यामागे शास्त्र आहे." दूर्वांमुळे हवा शुद्ध होते, घंटेच्या नादाने जंतू मरतात, एकवीस पत्री पाण्यात सोडल्या की नदी निर्मळ होते, असे तो मुलांना सांगू लागतो. यातले काही त्याने तपासलेले नसते आणि तपासायची त्याची इच्छाही नसते. देवासाठी वाहतो असे म्हणणारी आजी याच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक असते. पत्रीत खरोखर मन रमवायचे असेल तर कारणांची गरज नाही. आघाडा, माका, डोरली, शमी, रुई, विष्णुक्रांत, हादगा ही पाने बाजारातल्या तयार पुडीतून न आणता मुलीला घेऊन शोधायला जा. पुण्याच्या टेकड्यांवर भाद्रपदात यांतली काही सहज दिसतील, आणि एकवीसपैकी नऊच मिळाली तर नऊच आणा. गोव्यात चवथीला मूर्तीच्या वर माटोळी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात आणि तिला रानातली फळे, बोंडे, कंद टांगतात. ती बांधणाऱ्या घरातल्या पोरांना रानातली जेवढी झाडे नावानिशी ठाऊक असतात तेवढी आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरालाही असतील की नाही, अशी मला शंका आहे.

आणखी एका गोष्टीविषयी सावध करतो. 'हा धार्मिक उत्सव नाही, सांस्कृतिक आहे' असे आपण स्वतःपुरते म्हणणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणे वेगळे. तुमच्या सोसायटीत बौद्ध कुटुंब असेल आणि ते आरतीला येत नसेल किंवा मूर्तीसाठी वर्गणी देत नसेल, तर त्यांना "संस्कृती म्हणून या की" असा आग्रह करू नका. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतल्या एका प्रतिज्ञेत गौरी आणि गणपती यांना देव न मानण्याचा आणि त्यांची उपासना न करण्याचा स्पष्ट उच्चार आहे. तुमच्यासाठी जे आठवणींचे घर आहे, त्याच घराच्या उंबऱ्यावर त्यांच्या आजोबांना अडवले गेले होते. त्यांचे न येणे तुमच्या येण्याइतकेच मनापासूनचे असते.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर देताना तत्त्वज्ञान सांगू नका. पुस्तकाला पाय लागला तर ती पटकन हात लावून कपाळाला नेते. दसऱ्याला तुम्ही पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिच्यापुढे हात जोडता. गावी गेल्यावर ती आजीच्या पाया पडते. पुस्तकाला ते कळते का, असा प्रश्न तिला कधी पडला नाही, कारण नमस्कार करताना आपण समोरच्याला नेहमी काही मागत असतो असे नाही. तुम्ही मूर्तीपुढे हात जोडता तेव्हा तुमच्या मनात काय असते ते तुम्हालाच ठाऊक. माझा तर्क असा की, तेथे वडील पाटावर बसलेले दिसत असतील. तसे असेल तर तसेच सांगा. आणि कधी हात जोडावेसे वाटले नाहीत तर जोडू नका, हेही तिला दिसू द्या.

चुलत्यांना मात्र घरी बसवू नका. पाटावर बसता येत नसेल तर खुर्ची द्या आणि पोथी त्यांच्या हातात द्या. गुडघ्यांची तक्रार आवाजाला लागू नाही.

प्रश्न : मी चिपळूणची असून मुस्लिम कुटुंबात वाढले. बऱ्याच वर्षांपासून मी रोजे ठेवत नाही आणि नमाज पढत नाही. रमजान ईदला मात्र शीरखुर्मा करते, मुलांना नवे कपडे घेते, शेजारच्या घरांत डबे पाठवते. नणंद म्हणते, "रोजाच नाही तर ईद कसली?" उलट माझे काही पुरोगामी मित्र विचारतात की, धर्म सोडलास तर ईद तरी कशाला धरून ठेवतेस? दोघांना काय उत्तर द्यावे?

उत्तर : तुमच्या नणंदेच्या बोलण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करायला हवे. ईद-उल-फित्र हा महिनाभराचे रोजे पूर्ण झाल्याचा सण आहे. पहाटेच्या सहरीपासून मगरिबच्या अजानपर्यंत ज्याने तहान सोसली त्याच्या त्या दिवशीच्या पहिल्या घोटाला जी गोडी असते ती तुम्हाला मिळणार नाही. ती मिळाल्याचा आव तुम्ही आणत नाही ना, एवढेच पाहायचे. कोणी "सगळे रोजे झाले का?" असे विचारले तर "नाही, मी ठेवत नाही," असे शांतपणे सांगता आले की पुढचा शीरखुर्मा निर्मळ मनाने वाढता येतो. मागच्या पत्राला जे उत्तर दिले तेच येथेही लागू आहे, पण जागा बदलते. ईदची नमाज हा स्वतःच एक उच्चार आहे; रांगेत उभे राहणे म्हणजे काहीतरी कबूल करणे. ते तुम्हाला कबूल नसेल तर केवळ लोकांना दिसावे म्हणून कुटुंबातल्या कोणी त्या रांगेत उभे राहण्याचा हट्ट तुम्ही धरू नये, आणि ज्याला जायचे आहे त्याला अडवूही नये. फित्रा, म्हणजे ईदनिमित्त गरिबांना द्यायचे दान, मात्र तुम्हाला बिनदिक्कत देता येईल. ईदच्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी हा तिचा हेतू, आणि त्याला तुमच्या श्रद्धेचा दाखला लागत नाही.

तुमच्या पुरोगामी मित्रांना तुमच्याच तालुक्यातले उदाहरण द्या. हमीद दलवाई मिरजोळीचे. तोंडी तलाकविरुद्ध त्यांनी 1966 साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि 1977 साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धार्मिक विधीविना त्यांचे दहन झाले. शेवटचा संस्कार कसा व्हावा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, कारण ते त्याचे अखेरचे बोलणे असते, आणि तेथे तडजोड करायला दलवाई तयार नव्हते. सणाचे तसे नाही. सण तुमचा एकटीचा नसतो. त्यात सासूच्या हातची शेवया भाजण्याची पद्धत असते, शेजारणीचा दिवाळीला आलेला आणि ईदला भरून परत जाणारा डबा असतो. तो डबा रिकामा पाठवण्याने तुमची विवेकनिष्ठा वाढते असे मित्रांना वाटत असेल, तर त्यांना एकदा ईदच्या दुपारी जेवायला बोलवा. नणंदेलाही बोलवा. ती येईल, पहिला घास घेईल आणि खारका कमी भिजल्या आहेत असे म्हणेल.